ने, पण कुठे?

बल्गेरिया, ग्रीस आणि तुर्कस्तान या तीन देशांच्या सीमा एका नदीच्या पात्रात एकत्र येतात. नदी एकच, पण बल्गेरियन तिला मारित्सा म्हणतात, ग्रीक एव्रोस आणि तुर्क मेरिच. एका नदीला तीन नावं असण्याचं आपल्याला काही कौतुक नाही. खरी गंमत पुढे आहे. त्या पाण्यात होडी उभी करून कोणी नुसतं 'ने' म्हटलं, तर ग्रीक काठावर ते 'हो' असं ऐकू जातं, बल्गेरियन काठावर 'नाही' असं, आणि तुर्की काठावरचा माणूस विचारात पडतो की हा 'काय?' म्हणून नेमकं कशाबद्दल विचारतोय. होडीत मराठी माणूस असेल तर तो बिचारा नावाड्याला एवढंच सांगत असतो, की बाबा रे, मला पलीकडे ने. तिथून जवळच्या मोठ्या शहराचं नाव एदिर्ने आहे. हे मी जुळवून आणलेलं नाही, नकाशात पाहून घ्यावं.

अशा वेळी शहाणा माणूस तोंड बंद ठेवतो आणि मानेने काम भागवतो. पण ज्या गावी जिभेची ही तऱ्हा, तिथे मान तरी सरळ कशी असेल? बल्गेरियात 'नाही' म्हणताना मान वरखाली होते आणि 'हो' म्हणताना डावीउजवीकडे. वेटरला विचारावं, कॉफी आहे का? तो म्हणतो 'ने' आणि मान डोलावतो. त्याच्या बाजूने उत्तर चोख आहे, शब्दही नकाराचा आणि मानही नकाराची. आपण मात्र डोलणारी मान पाहतो, खुर्ची ओढून घेतो आणि न येणाऱ्या कॉफीची वाट पाहत बसतो. त्यातून काही सुशिक्षित बल्गेरियन परदेशी पाहुणा दिसला की सौजन्य म्हणून त्याच्या पद्धतीने मान हलवतात. म्हणजे आता मान पाहण्याआधी ती कोणत्या पद्धतीने हलतेय, ही चौकशी करणं आलं. ग्रीक माणूस नकार द्यायचा तर हनुवटी वर उचलून 'च्यक्' करतो. हा एकच प्रकार मराठी माणसाला घरच्यासारखा वाटावा. आपल्याकडेही 'पैसे मिळाले का?' या प्रश्नाला 'च्यक्' एवढंच उत्तर आलं, तर खुलासा कोणी मागत नाही.

आता 'ने' म्हणजे 'नाही' हे आपल्याला पटकन पटतं. संस्कृतातला 'न', लॅटिनमधला 'ने', झेक, सर्बियन आणि लिथुआनियन लोकांचा 'ने', इंग्रजांचा 'नो' ही सगळी एकाच कुळातली भावंडं आहेत. ग्रीक भाषाही त्याच कुळातली, मग तिला ही उलटी बुद्धी कुठून सुचली? तर ग्रीकांचा हा शब्द मुळात 'नाइ'. 'अगदी खरं' अशा अर्थाने प्राचीन ग्रीक तो वापरत. पुढे त्यांच्या भाषेत 'आइ'चा उच्चार 'ए' होऊ लागला. स्पेलिंग जुनंच राहिलं आणि 'नाइ'चा 'ने' झाला. नकारासाठी त्यांनी वेगळाच शब्द ठेवला, 'ओही'. त्याचा त्यांना एवढा अभिमान, की २८ ऑक्टोबरला देशभर 'ओही'चा दिवस साजरा होतो. १९४० साली त्या दिवशी मुसोलिनीने दिलेला निर्वाणीचा खलिता पंतप्रधान मेटाक्सास यांनी धुडकावला होता. 'नाही' म्हटल्याबद्दल सुट्टी द्यायची म्हटलं, तर आपल्याकडच्या कित्येक कचेऱ्यांना रोजच सुट्टी द्यावी लागेल.

२०१५ साली त्याच ग्रीसमध्ये सार्वमत झालं. कर्ज देणाऱ्यांच्या अटी मान्य आहेत का, असा सवाल होता. मतपत्रिकेवर वर 'ओही' आणि खाली 'ने'. ५ जुलैला सुमारे ६१ टक्के लोकांनी 'ओही'वर खूण केली. चौकात जल्लोष झाला. आणि आठ दिवसांत, १३ जुलैला, सरकारने आधीहून कडक अटी मान्य केल्या. जनता म्हणाली 'ओही', सरकार म्हणालं 'ने'. बल्गेरियन शेजाऱ्याने नुसता शेवटचा शब्द ऐकला असता तर त्याला वाटलं असतं, वा, शेवटपर्यंत ठाम राहिले हो!

एकच आवाज इतक्या ठिकाणी इतकी वेगवेगळी कामं का करतो, याचं उत्तर फार गूढ नाही. आपली बाराखडी काढून बसा. ३४ व्यंजनं आणि १२ स्वर धरले तर ४०८ अक्षरं होतात. जगात भाषा आहेत सातएक हजार. प्रत्येकीला 'हो', 'नाही', 'काय', 'तू', 'मी' असे चिमुकले शब्द तर हवेतच. म्हणजे चारशे खोल्यांच्या चाळीत सात हजार बिऱ्हाडं. मग 'ने'च्या खोलीत गर्दी होणार नाही तर काय होईल? शिवाय जो शब्द जास्त वापरात तो आखूड, हे जॉर्ज झिप्फ नावाच्या अमेरिकन अभ्यासकाने १९३०च्या दशकात मोजून दाखवलं. दिवसातून शंभरदा लागणारा शब्द कोणी सात अक्षरांचा ठेवत नाही. 'किंकर्तव्यविमूढ' या शब्दावर दोन देशांत गैरसमज झाल्याचं कोणी ऐकलंय?

युरोपात तर दर दोन स्टेशनांमागे 'ने'चा अर्थ बदलतो. हंगेरीत 'ने' म्हणजे 'नको करूस'. साधा नकार द्यायचा तर 'नेम', आणि दटावायचं तर 'ने'. लहान मुलाने काडेपेटीला हात घातला की हंगेरियन आईच्या तोंडून जे निघतं ते हे. फिनलंडमध्ये 'ने' म्हणजे 'ती' किंवा 'ते', म्हणजे समोर नसलेली मंडळी. तिथल्या सगळ्या चुगल्या 'ने'पासून सुरू होत असणार. इटलीत 'ने' म्हणजे 'त्यातले': दुकानात संत्री दाखवून 'त्यातली दोन' म्हणायचं तर हा शब्द लागतो. तिथेच 'ने' दोनदा म्हटलं की 'ना हे, ना ते' होतं. तुर्कीतही दोन 'ने' आले की तोच अर्थ. दोघांनाही खूश करता आलं नाही अशा माणसाबद्दल तुर्क म्हणतात, याला ना ईसा प्रसन्न झाला, ना मूसा. आपल्याकडे हेच काम 'ना घरका'पासून 'ना इकडचा ना तिकडचा'पर्यंत 'ना' करतो. एवढ्यापुरते आपण इटालियन.

जर्मनांचा 'ने' सगळ्यात उद्योगी. बोलीत तो लांबवला तर 'नाही', वाक्याच्या शेवटी आला तर 'हो ना?', आणि स्त्रीलिंगी शब्दाच्या आधी आला तर 'एक', कारण 'आइने'चं डोकं खाऊन तेवढाच शेपटाचा भाग उरलाय. झेक लोकांकडे 'ने' म्हणजे सरळ नकार, पण संकट वेगळ्याच बाजूने येतं. त्यांचा 'हो' आहे 'आनो', आणि तो गप्पांत 'नो' इतकाच उरतो. प्रागमध्ये इंग्रजी पर्यटक विचारतो, हाच रस्ता का? झेक आजोबा अगत्याने म्हणतात, 'नो, नो!' आणि पर्यटक बरोबर रस्ता सोडून परत फिरतो.

फ्रेंचांचा 'ने' मात्र नशिबाने मेला. लिहिताना नकाराला दोन शब्द लागतात, क्रियापदाच्या आधी 'न' आणि नंतर 'पा'. 'पा' म्हणजे मुळात 'पाऊल'. 'मी एक पाऊलही चालत नाही' अशा बोलण्यात तो जोर द्यायला आला. आज बोलताना फ्रेंच लोक 'न' गाळतात आणि नुसत्या 'पा'ने नकार देतात. नकाराचा खरा वारस घराबाहेर आणि पाऊल गादीवर. फ्रेंचांचा आणखी एक 'ने' आहे, त्याचा अर्थ 'जन्मलेली'. तो इंग्रजीत गेला आणि लग्नाआधीचं आडनाव सांगायला लागला. मुंबईच्या इंग्रजी पेपरांतल्या निधनवार्तांत तो हमखास भेटतो. आता ओळ अशी वाचा: अमुक अमुक देशपांडे, ने कुलकर्णी. मराठी डोळ्यांना वाटतं, देशपांडे गेल्या ते गेल्या, जाता जाता यमाला शेजारी दाखवून गेल्या.

या सगळ्या गोंधळावर उपाय म्हणून १८८७ साली झामेनहोफ नावाच्या सज्जन डॉक्टरांनी एस्पेरांतो ही नवी भाषा काढली. जगाने एकमेकांना नीट समजून घ्यावं, हा हेतू. शब्द पारखून निवडले. आणि 'नाही'साठी कोणता शब्द घेतला? 'ने'. ग्रीक आणि कोरियन लोकांना समजून घेण्याचं काम पुढच्या भाषेवर ढकललेलं दिसतं.

कोरियन 'ने' म्हणजे 'हो'. हल्ली घराघरात कोरियन मालिका चालू असतात, त्यामुळे आजींनाही तो ठाऊक झालाय. रांजणगाव-तळेगावच्या बाजूला कोरियन कंपन्यांचे कारखाने आहेत, तिथल्या पोरांना तर तो पाठच. पण तो 'हो' सरळ नाही. फोनवर कोरियन माणूस दर चार शब्दांमागे 'ने, ने' म्हणतो, त्याचा अर्थ 'ऐकतोय' इतकाच असू शकतो. आपला 'हं'. 'हं' म्हणजे कबुली, असं समजणाऱ्याने मराठी नवऱ्याशी फोनवर बोलून पाहावं. दुसरं असं, की 'जेवला नाहीस का?' असं विचारलं आणि तो जेवला नसेल, तर कोरियन म्हणतो 'ने', म्हणजे हो, तुमचं बरोबर, जेवलो नाही. यजमान ग्रीक असेल तर पाहुणा उपाशी राहणार आणि बल्गेरियन असेल तर त्याला चुकून जेवण मिळणार. वर 'ने' म्हणजे 'चार' हाही अर्थ कोरियनमध्ये आहेच. चार माणसं म्हणायचं तरी 'ने', तुझं म्हणायचं तरी लिहिताना 'ने'.

जपान्यांचा 'ने' आपल्याला सगळ्यात जवळचा. तो वाक्याच्या शेवटी येतो आणि म्हणतो, 'नाही का?'. पुण्यात सिंहगड रस्त्यावर पु. ल. देशपांडे उद्यान आहे, ओकायामाच्या कोराकुएन बागेच्या धर्तीवर केलेलं. तिथल्या तळ्यापाशी उभं राहून मराठी जोडपं म्हणतं, 'सुंदर आहे नं?' आणि शेजारी उभं असलेलं जपानी जोडपं म्हणतं, 'किरेई देस ने'. दोन्हीकडे बायको म्हणते आणि दोन्हीकडे नवरा 'हं' म्हणतो. फेसबुकवर अंगठा दाखवायचं जे बटण आहे त्याला जपानीत 'ई ने' म्हणतात, म्हणजे 'छान आहे नं'. बाकी नुसता 'ने' म्हटलं तर झाडाचं मूळ, वस्तूचा भाव आणि आवाज असे तीन वेगळे शब्दही जपानीत आहेत. लिहिताना चित्रलिपीतली चिन्हं वेगळी, कानाला सगळे एकच. चिनी लोक तर 'ने' वापरून प्रश्नाचा अर्धा खर्च वाचवतात. 'मी बरा आहे, नी ने?' म्हणजे 'आणि तू?'. 'माझं पाकीट ने?' म्हणजे 'माझं पाकीट कुठाय?'. मराठी पाकीटमाराने हे ऐकलं, तर त्याला इतकं सौजन्याचं निमंत्रण उभ्या आयुष्यात मिळालेलं नसेल.

ब्राझीलमध्येही बोलता बोलता शेवटी 'ने' लावतात, अर्थ तोच, 'हो ना?'. १९०८ साली कासातो मारू हे जहाज जपानी कुटुंबं घेऊन सांतोस बंदराला लागलं. त्यांची पोरंनातवंडं आज लाखांच्या घरात आहेत. तेव्हा कोणालाही वाटेल, हा 'ने' जपान्यांनी तिकडे नेला. तसं काही नाही. पोर्तुगीज 'नाँव ए', म्हणजे 'नाही का', याचा घाईघाईत 'ने' झाला. अर्ध्या पृथ्वीची फेरी मारून जपानी शेतकरी जहाजातून उतरला आणि पाहतो तो इथले लोक आधीच 'ने ने' करतायत!

आता एवढं सगळं फिरून घरी यावं तर घरात वेगळं काय आहे? मराठी माणसाला 'ने' पहिल्यांदा भेटतो तो शाळेत, 'ने, ए, शी' म्हणून. ही तृतीया. रामाने केलं, शामने केलं, त्याने केलं, तिने केलं. 'मी' आणि 'तू' यांना मात्र हा प्रत्यय लागत नाही. 'मी केलं' इतकंच. केलेल्या कामाचा छाप बाकीच्यांच्या अंगावर आणि बोलणारे दोघे मोकळे. वर 'ने' हे क्रियापदही आहे, त्यामुळे 'बसने ने' हे वाक्य आपण न अडखळता म्हणतो आणि परभाषक तिथेच मराठीची शिकवणी सोडतो. संतांच्या मराठीत 'नेणे' म्हणजे 'जाणत नाही', 'नेणता' म्हणजे अजाण. बाजारच्या मराठीत 'नेणे' म्हणजे उचलून घेऊन जाणे. 'नेता' हा शब्द यातल्या कुठल्या अर्थावर बेतलाय, हे व्याकरण एक सांगतं आणि निवडणूक दुसरंच.

शेजारी गुजराती असला म्हणजे प्रकरण रामायणापर्यंत जातं. मराठीत 'रामाने रावणाला मारलं'. हिंदीत 'राम ने रावण को मारा'. इथवर रामाची सरशी आहे. गुजरातीत हेच 'रामे रावणने मार्यो'. गुजरातीतला 'ने' म्हणजे आपला 'ला'. पण बोरिवलीच्या जिन्यात वरच्या मजल्यावरून नुसतं 'रावणने मार्यो' एवढंच कानावर आलं, की मराठी माणूस दचकतो. दसरा तोंडावर आणि निकाल फिरलेला! एवढ्यावर थांबत नाही. 'तमे ने हुं' म्हणजे 'तुम्ही आणि मी', आणि 'बेसो ने' म्हणजे 'बसा की'. मारणं, जोडणं आणि आग्रह करणं ही तिन्ही कामं एका 'ने'वर चालवायची, याला व्यापारी काटकसर म्हणतात. मुंबईच्या हिंदीने तर हा प्रश्नच ठेवला नाही. 'हम खाया' म्हणून तिने 'ने' कायमचा नाक्यावर उतरवून दिला.

एक 'ने' इतका गोंधळ घालतो, तर दोन किती घालतील? समजा, नेने आडनावाचे एक गृहस्थ पर्यटन कंपनीबरोबर जगाच्या सहलीला निघालेत. अथेन्सच्या विमानतळावर अधिकारी नाव विचारतो. 'नेने.' अधिकारी म्हणतो, हो हो, कळलं, पण नाव काय? बेलग्रेडला तोच प्रश्न, तेच उत्तर. तिथे वाटतं, हा माणूस नाव सांगायला नाही नाही म्हणतोय, याला बाजूला घ्या. तुर्कस्तानात खेड्यापाड्यांत 'नेने' म्हणजे आजी. सत्तरीच्या मिशाळ गृहस्थाने स्वतःला आजी म्हणवून घ्यावं, याचा तिथला अधिकारी आदरपूर्वक विचार करतो. स्पेनमध्ये 'नेने' म्हणजे लहानगं बाळ. वय कमी झाल्याचा आनंद तेवढाच. इंग्लंडमध्ये नॉर्दम्प्टनच्या बाजूला नेने अशा स्पेलिंगची नदी आहे, पण वरच्या अंगाला तिला 'नेन' म्हणतात आणि खाली पीटरबरोकडे 'नीन'. म्हणजे तिथे नेनेंचा अर्धाच भाग वाहतो. हवाई बेटांवर 'नेने' हा राजहंसाच्या नात्यातला पक्षी, १९५७ पासून तिथला राज्यपक्षी. त्याच्या ओरडण्यावरून हे नाव पडलं. विसाव्या शतकाच्या मध्याला तिथे नेने तीसच्या आसपासच उरले होते, मग त्यांना पिंजऱ्यात वाढवून पुन्हा रानात सोडावं लागलं. हे ऐकून आपले नेने अस्वस्थ होतात आणि कुलवृत्तान्ताची नवी आवृत्ती कधी निघतेय याची घरी फोन करून चौकशी करतात. शेवटी क्योतो. तिथे कोदाइजी मंदिराशेजारी दगडी फरशांचा एक नीटस रस्ता आहे, त्याचं नाव 'नेने-नो-मिची', म्हणजे नेनेंचा रस्ता. हिदेयोशी या सरदाराच्या पत्नीचं नाव नेने, आणि नवऱ्याच्या स्मृतीसाठी १६०६ साली हे मंदिर तिनेच उभारलं. महापालिकेत ठराव नाही, नगरसेवकाच्या मागे लागणं नाही, तरी रस्त्याला नाव आहे. एवढी एक पाटी पाहून सहलीचे सगळे पैसे वसूल होतात.

या साऱ्या 'नें'ची यादी जरा शेजारी शेजारी मांडली, तर एक गोष्ट ध्यानात येते. हो, नाही, काय?, हो ना?, आणि तू?, नको करूस, बसा की. मुळं आणि बाजारभाव सोडले तर बहुतेक सगळे अर्थ समोर माणूस असल्याशिवाय उपयोगाचे नाहीत. एकटा माणूस खोलीत बसून 'ने' म्हणत नाही. वस्तूंची नावं लांबलचक असली तरी चालतं, टेबलाला घाई नसते. समोरच्या माणसाला मात्र पटकन उत्तर द्यावं लागतं, त्याला थांबवावं लागतं, त्याच्याकडून रुकार काढावा लागतो. त्या घाईत तोंडाला जो आवाज सोपा, तोच पुढे होतो. अर्थ ठरवायला डोळे, सूर आणि नातं असतंच.

आपल्याकडे हे नातं दारात उघड होतं. अमेरिकेला निघालेली भाची निरोप घ्यायला येते. मावशी आतून बरणी आणते.

'कैरीचं लोणचं आहे, ने.'

'नको गं मावशी, बॅग भरलीये.'

'अगं ने, एवढंसं तर आहे.'

'तेल सांडेल ना!'

'दोन पिशव्यांत बांधते ना. ने.'

'वजन जास्त होईल, खरंच नको.'

'ने म्हणते ना!'

आणि बरणी जाते. चार वेळा 'ने', दोन वेळा 'नको' आणि तीन वेळा 'ना', यांतला नकार नेमका कुठे होता, हे ग्रीकांपासून जपान्यांपर्यंत कोणालाही सांगता येणार नाही. भाचीलाही नाही, कारण कालच तिने आईला विचारलेलं असतं, मावशीने लोणचं घातलंय का गं यंदा? मोल्सवर्थसाहेबाने १८३१ साली मोठ्या कष्टाने मराठीचा कोश केला आणि 'नको'चा अर्थ नकार असाच धरला. त्याचा तरी काय दोष? त्याला मराठी मावशी नव्हती.